जांभळ्या-सोनेरी लाह्या

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी साडेसात.

संतापलो आहे. कारण आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर दुपारच्या झोपेत अर्धा राग उतरतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो.

ऑस्टरहून पत्र आलं. कॉनी ब्रांट बाईंचं. चार ऑक्टोबरला शुक्रवारी शाळेचं होमकमिंग आहे, म्हणजे जुन्यांचा मेळावा आणि संध्याकाळी फुटबॉलचा सामना, माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघेल, १९६४च्या तुकडीला साठ वर्षं झाली, तेव्हा गवताच्या गाडीवर बसण्याचा मान तुम्ही स्वीकारावा वगैरे. पत्राला चारी बाजूंनी काळी किनार. आतून एक नारिंगी. मला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

काळा आणि नारिंगी हे ऑस्टरचे रंग. आमच्या विल्बी हायस्कूलचे जांभळा आणि सोनेरी. तेरा वर्षांपूर्वी मुलं कमी पडली म्हणून आमची शाळा ऑस्टरच्या शाळेत घातली. समझोता काय, तर नावात विल्बी आधी, ऑस्टर नंतर. रंग मात्र त्यांचे, मैदान त्यांचं, इमारत त्यांची. नाव काय अंगात घालता येतं? आमच्या इमारतीत आता सोयाबीनचं बियाणं ठेवतात. ज्या वर्गात मी आठवीत कवितापाठाचं पहिलं बक्षीस घेतलं तिथे पोत्यांची थप्पी.

शाळा घातली त्या सभेत मी उभा राहून शपथ घेतली होती, ऑस्टरच्या मैदानात पाऊल ठेवणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. (माझी बायको अर्डिथ म्हणायची, एकच टाळी होती, माझा वर्गमित्र मर्व्हिनची, आणि तीही डास मारताना. अर्डिथला सभांचं वातावरण कधी कळलं नाही.)

नकार कळवायचा. कवितेत.

त्याच दिवशी, दुपारी चार.

नकाराची आठ कडवी झाली. तिसरं फार उतरलंय. शिवाय विल्बीचं जुनं शाळागीत आठवलं. शब्द माझेच, बासष्ट सालचे.

सांज जांभळी, कणीस पिवळे,
विल्बीचे हे रंग आगळे;
वारे पुसोत वा वादळे,
पुसतील ना हे रंग आगळे.

'आगळे' दोनदा आलंय असं तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं. ऑस्टरचाच असणार.

मर्व्हिनचा फोन. तो म्हणाला, अरे ली, तुकडीतले चारच उरलोत. ग्लेन वृद्धाश्रमात, बर्निस ॲरिझोनात. ट्रॅक्टर मी चालवणार. म्हणजे मागे गाडीवर तू एकटा. तू नाही आलास तर मी साठ वर्षांचं रिकामं गवत ओढत नेऊ का?

आणि तेव्हाच सुचलं. जायचं. पण गाडीवरून उधळायच्या त्या जांभळ्या आणि सोनेरी पाकवलेल्या लाह्या. भर ऑस्टरच्या हमरस्त्यावर. विल्बीच्या प्रत्येक होमकमिंगला उधळायचो तशा. एकतीस वर्षं मीच करायचो त्या लाह्या. हातचा मळ आहे.

नकाराची कविता फाडली नाही. कधीही लागू शकते.

बुधवार, ११ सप्टेंबर. संध्याकाळी.

टेस आली होती. माझ्या लेकीची, जोलीनची मुलगी, माझी एकुलती नात. त्यांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. म्हणाली, आजोबा, मी बारावीत आहे, हे माझं शेवटचं होमकमिंग. सामन्याच्या मध्यंतरात बँड मैदानात उतरतो. एकदा तरी या ना. तीन वर्षं सगळ्यांचे आजोबा येतात. माझे काय ते कवितेत येतात.

मी तिला तत्त्व म्हणजे काय ते समजावलं. वीसेक मिनिटं. ती ऐकत होती. मग बरं म्हणाली आणि गेली. बिस्किट अर्धं टाकून गेली. असं ती कधी करत नाही. बिस्किटं शिळी असणार. दुकानदारावर चिडलो.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.

सकाळ लाह्यांच्या कृतीचं कार्ड शोधण्यात गेली. कृती पाठ आहे, पण प्रमाण पडताळून पाहावं. अर्डिथला जाऊन चार वर्षं झाली, तिची कृतींची पेटी मी हलवलेली नाही. लाह्या 'ल'मध्ये नव्हत्या, 'प'मध्ये नव्हत्या, शेवटी 'कटकट' असं लिहिलेल्या कप्प्यात सापडल्या. तिची अशी पद्धत होती.

कार्डावर लिहिलंय: साखर, कॉर्न सिरप, लोणी, चिमूटभर सोडा. पाक गोळीबंद झाला की उतरवणे, एक क्षण जास्त नाही. रंग अंदाजाने. मागच्या बाजूला, खाली रेघ मारून: 'ली'ला आधी बाहेर पाठवणे.

वाचून डोळे भरले. वाफेने मला खोकला येतो हे तिच्या लक्षात होतं.

तेव्हा अचूक सांगायचं तर लाह्या आम्ही दोघं करायचो.

सोमवार, १६ सप्टेंबर. दुपारी.

पहिली खेप.

बाजारी रंग वापरायचा नाही असं ठरवलं होतं. जांभळ्यासाठी द्राक्षाचा रस. नैसर्गिक. लहानपणी ओढ्याकाठी रानद्राक्षं तोडायचो, बोटं आठवडाभर जांभळी राहायची, मास्तरीणबाई छडी मारताना तळहात बघून म्हणायच्या, हा पुरावा. ते दिवस.

पाक सुरेख जांभळा झाला. मग चिमूटभर सोडा घातला. पाक फसफसला आणि हिरवा पडला. हिरवा म्हणजे डबक्यातला. मी पंधरा मिनिटं ढवळत उभा होतो, परत जांभळा होईल म्हणून.

सोडा जुना असणार. सोड्यावर तारीख नीट छापत नाहीत. पूर्वी अक्षरं मोठी असायची, माणसांना आदर होता.

मंगळवार, १७ सप्टेंबर.

हिरव्या लाह्या पक्ष्यांना टाकल्या. एकही कावळा आला नाही. ऑस्टरकडचे कावळे असतील.

शुक्रवार, २० सप्टेंबर.

दुसरी खेप. खायचा लाल आणि खायचा निळा, दोन्ही बाटल्या आणल्या. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पाकात लोणी होतं, आणि लोणी पिवळं असतं हे कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं नाही. लाल, निळा आणि पिवळा मिळून जे झालं ते ओल्या मातीच्या रंगाचं. त्यात धुराची घंटी वाजायला लागली. शिडीवर चढून ती उपटली. अत्यंत उर्मट यंत्र.

सोनेरी खेपेला मी रागातच बसलो, त्यामुळे ती करपली. तिचा दोष मी घेत नाही.

जोलीन आली, घरभर धूर बघून म्हणाली, बाबा, तुम्ही आयुष्यात अंडं तरी उकडलंय का? मी म्हणालो, एकतीस वर्षं लाह्या कुणी केल्या? ती म्हणाली, आईने. तुम्ही पिशव्यांना रिबनी बांधायचात. आणि त्याही सुटायच्या.

रिबन हा त्या लाह्यांचा आत्मा होता. हे तिला या पिढीत कळणार नाही.

रविवार, २२ सप्टेंबर.

चर्चमध्ये जोलीन पुन्हा मोतीबिंदूवर घसरली. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून टाका, बाबा, किती दिवस ढकलणार. माझे डोळे ठणठणीत आहेत. हल्लीचे बल्बच अंधूक येतात. विजेची बचत करतात आणि दोष म्हाताऱ्यांना.

तिने प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात सुलटं करून दिलं. ते मी मुद्दाम धरलं होतं तसं.

गुरुवार, २६ सप्टेंबर.

तिसरी खेप. रंग जमत आला होता. पण बाहेर सकाळपासून दमट हवा, आणि मला ओव्हनमध्ये वाळवायला धीर धरवला नाही. सगळ्या लाह्यांचा मिळून एकच गोळा झाला. कलिंगडाएवढा. पातेलं त्याच्या आतच राहिलं, नुसता दांडा बाहेर.

मर्व्हिन बघायला आला. म्हणाला, चव तर घेऊ दे. चावला. मग गप्प झाला. मर्व्हिन गप्प बसतो तेव्हा काहीतरी गंभीर असतं. त्याची वरची कवळी गोळ्यात रुतली होती. दोघांनी लोणी काढायच्या सुरीने पाऊण तास काढली. तो जे बोलत होता ते कवळीशिवाय असल्यामुळे कळलं नाही, पण सूर चांगला नव्हता.

आठ दिवस राहिले. मी कुणावर चिडलोय याची यादी करायला घेतली तर पान पुरेना. कॉनी ब्रांट, शाळा समिती, सोडा, लोणी, धुराची घंटी, हवा, मर्व्हिनचे दात. अर्डिथचं नाव घालणार होतो. न सांगता गेली. अंदाजाने म्हणजे किती, एवढं तरी सांगायचं. लिहिलं आणि खोडलं.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपारी तीन.

जमलं.

चौथ्या खेपेला चुका सगळ्या उलट्या करून टाकल्या. रंग कमी पडत होता, तर बाटल्याच्या बाटल्या ओतल्या. पाक चिकट राहत होता, तर पुरता कडक होईपर्यंत ठेवला. थर्मामीटरचे आकडे मुंगीएवढे, म्हणून नाकावर विश्वास ठेवला. थोडा करपट वास आला तेव्हा उतरवला. करपट नव्हे, खमंग. मग ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर, दर पंधरा मिनिटांनी हलवत.

खिडकीशी नेऊन पाहिलं. एका परातीत गडद, राजेशाही जांभळा. असा गडद की अर्डिथलाही कधी आला नसेल. दुसरीत सोनेरी, पिकल्या शेतावर उतरलेल्या उन्हासारखा. लाह्या सुट्या, कुरकुरीत, परात हलवली की वाजतात.

ओट्याशी उभा राहून शाळागीत पूर्ण म्हटलं. दुसऱ्या 'आगळे'ला आवाज फुटला.

बुधवार, २ ऑक्टोबर.

दोनशे पिशव्या भरल्या. तीन दिवस तेच. रिबनी सोनेरी. त्या सुटणार नाहीत, डबल गाठ मारलीय.

जोलीन ऑफिसातून येताना डोकावली. पारदर्शक पिशव्यांची रास बघून दारातच थांबली. मग म्हणाली, बाबा, हे तुम्ही मुद्दाम या रंगात केलंत? मी म्हणालो, मग काय चुकून? जीव ओतलाय. ती खुर्चीत बसली. पुन्हा विचारलं, शुक्रवारी हेच उधळणार? ऑस्टरच्या रस्त्यावर? मी म्हणालो, ऑस्टरच्याच रस्त्यावर, त्यांच्या तोंडावर. बघू दे त्यांना.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा पोरीला माझं म्हणणं पटलं. जाताना तिने माझ्या डोक्याचा मुका घेतला. मी जरा रागावलो, टोपी पडली म्हणून.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. सकाळी.

तयारी पूर्ण. माझा बासष्ट सालचा शाळेचा स्वेटर काढला, जांभळा, छातीवर सोनेरी 'वि'. पोटावर बसत नाही, पण छाती हीच महत्त्वाची.

निश्चय असा: मिरवणूक रस्त्यावरून जाईल. मिरवणूक मैदानाच्या फाटकाशी संपते, तिथे मी उतरून परत. शपथ शाबूत. टेसला समजेल. मोठी झाली की समजेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा. घाईत.

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

हवा ढगाळ आणि बोचरी. निघताना जोलीनने बळजबरीने काळा ओव्हरकोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि स्वेटर आत झाकला गेला. त्याचा राग करतोय तोच कॉनी ब्रांट बाई गाडीपाशी आल्या, म्हणाल्या, लेलँडकाका, गारठा आहे, आणि एक मफलर माझ्या गळ्यात घातला. सोनेरी. मी चमकलो. विल्बीचा सोनेरी मफलर, ऑस्टरच्या बाईच्या हातून. मनात म्हटलं, शरण आल्या.

मग उधळायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी. पहिल्या चौकापर्यंत लोक नुसते बघत होते. मग कुणीतरी पिशवी वर धरून ओरडलं, अरे, विल्बीचे लेलँड व्होपात काका बघा, आपले रंग घेऊन आलेत. आणि पुढे सबंध रस्ता टाळ्या. ऑस्टरचे लोक. झुलत्या खुर्च्यांवरून म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. एक माणूस टोपी काढून म्हणाला, काका, मन मोठं लागतं. दुसरा म्हणाला, आमच्या वडिलांच्यानं हे झालं नसतं.

मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्यांना उत्तर म्हणून चार ओळीही रचल्या होत्या. त्या खिशातच राहिल्या, त्याचा थोडा त्रास झाला. पण विचार केला, जांभळा-सोनेरी रंग अखेर आपलासा केला ऑस्टरने. 'आपले रंग' म्हणाले. तेरा वर्षांचा लढा पाऊण मैलात जिंकला.

फाटक आलं. मी मर्व्हिनला ओरडलो, थांब, उतरायचंय. मर्व्हिनने कवळीचा सूड घेतला. ट्रॅक्टर सरळ मैदानात घातला. इथे स्पष्ट लिहून ठेवतो: मी पाऊल ठेवलं नाही. चाकं गेली.

मग सगळा बँड गाडीसमोरून गेला, आणि ट्रॉम्बोनच्या रांगेत दुसऱ्या नंबरवर टेस. मी तिला कधी वाजवताना पाहिलंच नव्हतं. गाल असे फुगवते की ओळखू येत नाही. तिने मला पाहिलं, मग माझ्या हातातली पिशवी पाहिली, आणि तिचा सूर चुकला. चक्क चुकला. मास्तर वळून बघायला लागले.

वाजवून झाल्यावर रांग मोडून धावत आली आणि मला खाली ओढलं. मी उतरलो. गवतावर नाही, कडेच्या धावपट्टीवर. ती कोटात तोंड खुपसून काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, हो, हो. आता सामना बघायला निघालोय. बाकड्यावरून. बाकडं म्हणजे मैदान नव्हे.

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी दहा. अंगणाच्या पायरीवर.

ऊन स्वच्छ पडलंय. स्वेटरला काल घाम लागला म्हणून कठड्यावर वाळत घातला. कोटाच्या खिशात एक पिशवी उरली होती, ती शेजारी ठेवली. नाश्त्याला खाऊ म्हणून.

बाही जांभळी आहे. लाह्या जांभळ्या नाहीत.

पिशवी बाहीला लावून पाहिली. मग उलटी करून पाहिली. मग चष्मा पुसला, दोनदा. लाह्या काळ्या आहेत. ठार काळ्या, कोळशासारख्या. आणि छातीवरच्या सोनेरी 'वि'शेजारी दुसऱ्या लाह्या धरल्या तर त्या लालसर, भोपळ्याच्या रंगाच्या. मफलर आणून शेजारी टाकला. भोपळ्याच्याच रंगाचा.

दोनशे पिशव्या. स्वतःच्या हाताने. डबल गाठ मारून.

अर्धा तास शिव्या घातल्या. कुणाला ते ठरवता येईना, म्हणून पाकाला घातल्या. मग जोलीनला फोन केला. म्हटलं, तुला दिसत होतं. ती म्हणाली, हो बाबा. म्हटलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, मी विचारलं होतं ना. तुम्ही म्हणालात जीव ओतलाय. मला वाटलं, टेससाठी केलंत. म्हटलं, मग, तुझ्यासाठी करीन का. ती म्हणाली, तिला सांगणार आहात का? मी फोन ठेवला.

ऑस्टरला पत्र लिहून खुलासा करायचा, की झाला प्रकार पाकाचा दोष असून विल्बीचा कुठल्याही रंगाशी समझोता झालेला नाही. साडेचार ओळी लिहून झाल्या होत्या. तेवढ्यात टेसच आली, सायकलवर. त्या बुधवारी टाकलेलं अर्धं बिस्किट आहे का विचारलं. होतं. खाल्लं. मग म्हणाली, आजोबा, काल बँडमध्ये सगळे विचारत होते, ते तुझे आजोबा का, ते शपथवाले? मी त्यांना म्हटलं, हो, माझ्यासाठी मोडली आजोबांनी शपथ. माझ्या रंगात लाह्या केल्या.

तिने उरलेल्या पिशवीतली एक काळी लाही उचलून खाल्ली. कडू लागली असणार, तोंड वाकडं झालं. गिळली. दुसरी घेतली.

मी खुलाशाचं पत्र घडी घालून नकाराच्या कवितेजवळ ठेवलं.

जाताना सायकलवरून वळून म्हणाली, मे महिन्यात माझा शाळेचा पदवीदान समारंभ आहे, तेव्हा पण कराल ना? हेच रंग, अगदी असेच. मी म्हणालो, त्यात काय, हातचा मळ आहे.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. बल्बचं काही खरं नाही.

अर्डिथच्या कार्डाखाली जागा होती. लिहिलं: पाक एकदम जास्त करपवणे. रंग अंदाजाने. मे महिन्यात दोनशे पिशव्या, काळ्या आणि नारिंगी. या वेळी मुद्दाम करायच्या आहेत, म्हणजे बहुतेक जांभळ्याच होतील.